एकाला उकडतंय, दुसऱ्याला थंडी वाजतेय: गाडीच्या एकाच एसीवर दोघांचं कसं जमवायचं

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं देतोय ते स्पष्ट होईल. गाडीला ऑटो क्लायमेट कंट्रोल आहे, म्हणजे आकडा लावला की एसी ते तापमान स्वतःच सांभाळतो, पण सगळ्या केबिनला मिळून आकडा एकच. दर महिन्याला शनिवारी दुपारी पुण्याहून कोल्हापूरला निघता, सोमवारी सकाळी सहा-साडेसहाला परतीला लागता. गाडी तुम्ही चालवता, शेजारी वहिनी, कधी मागे आई. २४ वर तुमचा शर्ट पाठीला चिकटतो, २२ वर वहिनी ओढणी गुंडाळून बसतात, आणि सातारा येईपर्यंत दर दहा मिनिटांनी कुणीतरी बटणाला हात लावतं. मधला आकडा कोणता ठेवावा, आणि पुढची गाडी ड्युअल झोनची, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला वेगळं तापमान लावता येणारी, घेतली तर हा वाद मिटेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी गाड्यांच्या एसीचंच काम करतो आणि उन्हाळ्यात ही तक्रार घेऊन येणारी जोडपी नेहमीची आहेत. बहुतेक वेळा गाडीत बिघाड काहीच नसतो. माझं पहिलं सांगणं, मधला आकडा शोधू नका. २३ वर तुम्हाला घाम येतच राहील आणि वहिनींना थंडी वाजतच राहील. तुम्हा दोघांच्या अंगावर जे पोहोचतंय तेच वेगळं आहे आणि ते आकड्यात दिसत नाही.

माणसाला उकडतंय की गार वाटतंय हे नुसत्या हवेच्या तापमानावर ठरत नाही. डेन्मार्कचे संशोधक फँगर यांनी १९७० च्या सुमारास याचा पक्का हिशेब मांडला. त्यात सहा गोष्टी येतात: हवेचं तापमान, आजूबाजूच्या तापलेल्या किंवा गार वस्तूंकडून अंगावर येणारी उष्णता, वारा, दमटपणा, कपडे आणि शरीर किती काम करतंय ते. तुमच्या पडद्यावरचा आकडा यातल्या फक्त पहिल्या गोष्टीचा. बाकीच्या पाचांत तुम्ही आणि वहिनी कुठे आहात ते बघा. तुम्ही ट्रॅफिकमध्ये लक्ष घालून हात-पाय चालवताय, पाठ सीटला घट्ट टेकलेली, अंगात ऑफिसची पँट आणि बूट. वहिनी स्थिर बसलेल्या, कपडे पातळ, चपला काढून पाय मॅटवर. थोड्या वेळाने डोळा लागला की शरीरातली उष्णता आणखी कमी तयार होते. त्यातच डॅशबोर्डच्या डाव्या टोकाचा व्हेंट, म्हणजे हवा येण्याचं तोंड, सरळ त्यांच्या खांद्यावर रोखलेला. एकाच गाडीत, एकाच २३ अंशांत दोन वेगळी हवामानं आहेत.

आता ऊन. याचा विचार फार कमी लोक करतात, आणि तुमच्या बाबतीत मला तेच मोठं कारण दिसतं. पुण्याहून कोल्हापूरला जाताना गाडीचं तोंड बरचसं दक्षिणेला असतं. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे चालकाची काच पश्चिमेला. शनिवारी दुपारी तीननंतर सूर्य खाली यायला लागला की ऊन तुमच्या उजव्या दंडावर, मांडीवर आणि कानावर. सोमवारी सकाळी परत येताना तोंड उत्तरेला, चालकाची काच पूर्वेला, आणि वर येणारा सूर्य पुन्हा तुमच्याच बाजूला. जाताना आणि येताना दोन्ही वेळा तुम्ही उन्हात आणि वहिनी सावलीत. हाच प्रवास शनिवारी सकाळी जाऊन रविवारी दुपारी परतण्याचा केलात, तर दोन्ही वेळा ऊन वहिनींच्या बाजूला येईल. जमत असेल तर एकदा वेळा उलटवून बघा. वादाचा जोर बराच कमी झालेला दिसेल, असा माझा अंदाज आहे.

एसीला हे ऊन दिसत का नाही? ऑटो एसीचा उन्हाचा सेन्सर डॅशबोर्डच्या वर, पुढच्या काचेखाली असतो. त्याला समोरून आणि वरून येणारं ऊन कळतं. तुमच्या उजव्या कुशीतून, थोडं मागून येणारं ऊन त्याच्यावर पडतच नाही. केबिनची हवा मोजणारा सेन्सर बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या आसपास, एका बारीक जाळीमागे, सावलीत असतो. तो म्हणतो २४ झाले, आणि ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, हळू करतो. हवा खरंच २४ अंशांची झालेली असते, पण तुमचा दंड भाजत असतो. शर्ट पाठीला चिकटायला सुरुवात होते ती इथे.

म्हणून माझी पद्धत अशी: तापमान ज्याला थंडी वाजते त्याच्या सोयीचं ठेवायचं आणि वारा ज्याला उकडतं त्याच्या अंगावर सोडायचा. तापमान सगळ्या केबिनला एकच असतं, ते वाटून देता येत नाही. वारा मात्र वाटता येतो, प्रत्येक व्हेंटला चाक आणि पट्ट्या त्यासाठीच दिलेल्या असतात. अंगावरून बऱ्यापैकी वारा वाहत असेल तर दोन-तीन अंश जास्त तापमानही तितकंच सुखाचं वाटतं. घरी छताचा पंखा हेच करतो, खोलीतली हवा तो एका अंशानेही गार करत नाही.

तुमच्या गाडीत हे कसं करायचं ते सांगतो. पार्किंगमध्ये तापलेल्या गाडीत बसलात की सगळ्या काचा उघडून मिनिट-दोन मिनिटं चालवा, आतली भट्टीसारखी हवा बाहेर जाऊ द्या. मग काचा लावून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा आणि एसी जोरात चालू द्या. पहिली पंधरा-वीस मिनिटं दोघांनाही गारवा हवाच असतो, तेव्हा भांडण नसतं. साधारण खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडेपर्यंत सीट, डॅशबोर्ड, छत सगळं निवलेलं असतं. तिथून पुढे आकडा २५ वर आणा. तुम्हाला हे ऐकूनच घाम फुटेल, पण पुढचं वाचा.

२५ वर आणलं की ऑटो मोड ब्लोअर एक-दोनवर आणतो, आणि तुमच्या अंगावरचा वारा जातो. म्हणून ब्लोअर हाताने तीनवर ठेवा. ‘ऑटो’चा दिवा विझेल, त्याची काळजी नको. बहुतेक गाड्यांत त्याने फक्त ब्लोअर तुमच्या ताब्यात येतो, तापमान सांभाळायचं काम एसी स्वतःच करत राहतो. आता उजव्या टोकाचा व्हेंट पूर्ण उघडून छाती आणि उजवा दंड यांच्यावर रोखा. मधल्या दोन व्हेंटपैकी तुमच्याकडचा पोटावर किंवा डाव्या खांद्यावर. चेहऱ्यावर थेट वारा घेऊ नका, लांबच्या प्रवासात डोळे कोरडे पडून चुरचुरतात. स्टिअरिंगवरच्या बोटांवरही नको, ती बधिर होतात.

वहिनींच्या बाजूला मधला व्हेंट वर करून दोन सीटच्या मधून छताकडे वळवा. ती हवा मागे आईंपर्यंत जाते आणि छताला लागून, मिसळून, सावकाश खाली येते. डाव्या टोकाचा व्हेंट अर्धा मिटून दाराच्या काचेकडे फिरवा. पूर्ण मिटू नका. सगळीकडून हवा कोंडली की उरलेल्या व्हेंटमधून ती शिट्टी वाजवत येते, आणि पावसाळ्यात त्याच हवेवर बाजूची काच आणि आरसा स्वच्छ दिसत राहतो.

वारा खरंच कुठे जातोय हे अंदाजाने ठरवू नका. आम्ही वर्कशॉपमध्ये टिश्यू पेपरची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी फाडतो आणि माणूस सीटवर बसलेला असताना ती गळ्याजवळ, कानाजवळ, कोपराजवळ, गुडघ्याजवळ धरतो. वहिनींच्या गळ्याजवळ पट्टी फडफडली तर त्यांना २७ वर सुद्धा थंडी वाजेल. तिथे ती नुसती हलली पाहिजे किंवा लटकत राहिली पाहिजे. तुमच्या छातीजवळ ती आडवी व्हायला हवी. पट्ट्या एका बोटाच्या रुंदीएवढ्या हलवल्या तरी मोठा फरक पडतो. गाडी उभी असताना, ब्लोअर तीनवर ठेवून पाच मिनिटांत हे जमतं. नंतर व्हेंटना हात लावायचा नाही आणि आकडा बदलायचा तर अर्धाच अंश. त्यानंतरही पाच-सात मिनिटं थांबायचं. लोक २५ वरून थेट ‘लो’वर जातात. ‘लो’ म्हणजे तापमान सांभाळणं बंद, जेवढं गार करता येईल तेवढं करत राहा असा हुकूम. पाच मिनिटांत दुसरा माणूस २८ करतो, आणि मग सगळा प्रवास एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे.

तर तापमान वहिनींचं, वारा तुमचा. तुमच्या बाजूने उरतात दोन गोष्टी, पाठ आणि ऊन, आणि दोन्हीवर एसी फारसं काही करू शकत नाही.

पाठ आणि मांड्या सीटला चिकटलेल्या असतात, तिथे वारा पोहोचतच नाही. शोरूममधून गाडी घेताना फुकट मिळालेली रेक्झिनची कव्हरं बसवली असतील तर तुमच्या घामाचं निम्मं कारण तिथेच असेल. काढून टाका किंवा वरून जाडसर सुती कव्हर घाला. टॅक्सीवाले वापरतात ते लाकडी मण्यांचं कव्हर दिसायला कसंही असो, पाठ आणि सीट यांच्यात हवेला जागा करतं. एक काळजी घ्या, सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर ती जिथून बाहेर येते ती शिवण झाकणारं कव्हर चालत नाही. उन्हासाठी स्कूटरवाले घालतात ती सुती बाही उजव्या हातात चढवा. साधा उपाय आहे, पण काचेतून येणारं ऊन कातडीवर न पडता कापडावर पडतं आणि वाऱ्याने ते कापड गार राहतं. काळी फिल्म लावायच्या भानगडीत पडू नका. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातल्यापासून महामार्गावर गाडी थांबवायला ते एक कायमचं निमित्त आहे.

वहिनींसाठी पाय झाकणं सगळ्यात उपयोगी. पातळ शाल मांडीवरून पावलांपर्यंत आणि पायांत मोजे, एवढ्यावर एक-दीड अंशाचं काम होतं. चेहरा आणि पाय असा दुहेरी मोड लावून पाहायला हरकत नाही, बऱ्याच गाड्यांत पायाकडची हवा चेहऱ्याकडच्या हवेपेक्षा थोडी उबदार असते. पण त्यात तुमच्या छातीवरचा वारा कमी होतो, म्हणून मे महिन्यात मी तो सुचवणार नाही. पूर्वी असं नव्हतं आणि हल्लीच थंडी सोसेनाशी झाली असेल, तर एसीआधी डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, कमी हिमोग्लोबिन, रक्तदाबाच्या काही गोळ्या, अशी कारणं असू शकतात. आईंच्या वयात तर शरीर उष्णता कमीच तयार करतं, म्हणून मागे एक चादर असलीच पाहिजे.

ओढाताण झालीच तर चालकाच्या बाजूने निर्णय व्हावा, असं माझं ठाम मत आहे. शेजारच्या माणसाला शाल घेता येते, डोळे मिटता येतात. चालवणाऱ्याला उकाड्याने शीण आला तर त्याची किंमत गाडीतले सगळे मोजतात. त्याच कारणासाठी, तीन-चार माणसं आत असताना आतलीच हवा तासन् तास फिरवू नका. श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुंगी येते. दर अर्ध्या तासाने काही मिनिटं बाहेरची हवा आत घ्या, थोडं गरम झालं तरी चालेल.

हे सगळं करूनही तुमच्या बाजूला उकडत असेल, तर मग गाडी तपासायची वेळ आली. आधी घरच्या घरी बघा. डॅशबोर्डवर फरची चटई, गणपतीची मूर्ती किंवा टिश्यूचा डबा त्या उन्हाच्या सेन्सरवर ठेवलाय का? तो झाकला की एसीला वाटतं बाहेर सावली आहे. स्टिअरिंगजवळच्या बारीक जाळीत धूळ साचली असेल तर मऊ ब्रशने काढा. तुमचा एखादा व्हेंट थेट त्या जाळीवर गार हवा मारत नाही ना, तेही पाहा. मारत असेल तर सेन्सरला केबिन आहे त्यापेक्षा गार वाटते. केबिन फिल्टर किती दिवसांत बदलला नाही तेही आठवा.

मग चार व्हेंटची चाचणी. गाडी सावलीत, काचा बंद, तापमान सगळ्यात कमी, ब्लोअर मध्यम, आतलीच हवा, इंजिन सुरू ठेवून दहा मिनिटं. स्वयंपाकात वापरतात तसला टोकदार डिजिटल थर्मामीटर एकेका व्हेंटमध्ये धरा. एकच झोन असलेल्या गाडीत चारही आकडे जवळपास सारखे यायला हवेत, दोन-तीन अंशांचा फरक मी सोडून देतो. उजवीकडे १४ आणि डावीकडे ८ असं काही आलं, तर तुम्ही दोघं इतके दिवस बिघाडावरून भांडत होतात. गॅस कमी असला की कूलिंग कॉइलचा (ज्यावरून जाताना हवा गार होते त्या नळ्यांचा) एक भाग गार होतो आणि दुसरा नाही, त्यामुळे एका बाजूच्या व्हेंटमधून कमी गार हवा येते. अशा वेळी नुसता गॅस भरून देणाऱ्याकडे जाऊ नका. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो कमी झालाय म्हणजे कुठेतरी गळतोय, ती गळती आधी शोधायला सांगा. डॅशबोर्डमागून टकटक आवाज येत असेल तर गरम-गार हवा मिसळणाऱ्या झडपेची मोटर गेलेली असू शकते. आणि तासाभराने ब्लोअरचा आवाज तेवढाच, पण हवा मात्र रोडावली, असं होत असेल तर कॉइलवर बर्फ धरतोय. त्यात कॉइलचा तापमान सेन्सर तपासावा लागतो.

ज्यांच्या गाडीत आकडे नाहीत, निळ्या-लाल पट्टीचा नॉब आहे, त्यांच्यासाठीही हेच गणित लागू आहे. फक्त एक समजूत काढून टाकायला हवी. नॉब थोडा लाल बाजूला नेला की हीटर लागतो, पेट्रोल जास्त जातं, असं म्हणून लोक तो कायम पूर्ण निळ्यावर ठेवतात आणि थंडी वाजली की एसीच बंद करतात. हीटरची उष्णता कूलंटमधून, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवातून, येते, ती एरवी रेडिएटरमधून वायाच जाणार असते. एसी बंद केलात की कॉइलवरचं पाणी पुन्हा वाफ होऊन केबिनमध्ये येतं, दमट वास सुटतो आणि पाच मिनिटांत पुन्हा उकडतं. त्यापेक्षा एसी चालू ठेवून नॉब पाव वळणभर लाल बाजूला न्या. हवा कोरडी राहते आणि बोचत नाही. पावसाळ्यात तर हाच योग्य मार्ग. त्या दिवसांत व्हेंट पुढच्या काचेकडे मात्र वळवू नका. आंबोली, राधानगरीकडच्या ओल्या हवेत काच आतून फार गार झाली की बाहेरून धुकं धरते, आणि लोक आतून पुसत बसतात.

राहिला ड्युअल झोनचा प्रश्न. आत कॉम्प्रेसर एक, कूलिंग कॉइल एक, बहुतेक गाड्यांत ब्लोअरही एकच. वेगळ्या असतात त्या फक्त डाव्या-उजव्या बाजूच्या मिसळणाऱ्या झडपा. म्हणजे डावीकडे थोडी उबदार हवा आणि उजवीकडे गार हवा, पण वाऱ्याचा जोर दोघांना सारखाच. मध्ये भिंत नसल्यामुळे दोन बाजूंत दोन-तीन अंशांचा फरक खरा जाणवतो. एका बाजूला १८, दुसऱ्या बाजूला २८ लावलं तर मध्येच हवा मिसळते आणि कुणालाच हवं ते मिळत नाही. तुमच्या दोघांतला फरक बसतो तो त्या दोन-तीन अंशांतच, त्यामुळे उपयोग होईल. महिंद्राने २०१९ साली एक्सयूव्ही ३०० मध्ये ही सोय दिली, आता ती छोट्या एसयूव्हींतही मिळते.

तरीही दोन्हींपैकी एकावरच पैसे घालायचे असतील, तर तुमच्या जागी मी व्हेंटिलेटेड सीट घेईन. ती नेमकी पाठीला आणि मांडीला हवा देते, म्हणजे तुमचा शर्ट जिथे चिकटतो तिथेच, आणि वहिनींच्या अंगावर त्यातली झुळूकही जात नाही. टेस्ट ड्राइव्ह सकाळच्या गारव्यात घेऊ नका. दुपारी तीनच्या पुढे जा, वहिनींना शेजारी बसवा, गाडीचं तोंड दक्षिणेला ठेवून अर्धा तास चालवा, आणि बरोबर टिश्यूची पट्टी घेऊन जा.